वाजला की बटण दाब

ड्रिलिंग साइटवर नवा पोरगा रुजू झाला की त्याच्या हातात गॅस डिटेक्टर देतात. सोबत जे ट्रेनिंग मिळतं ते बऱ्याच ठिकाणी एका वाक्यात उरकतं: "हा छातीला अडकव, आणि वाजला की हे बटण दाब." मग रजिस्टरमध्ये सही. वर इंग्रजीत छापलेलं असतं, की मला या यंत्राची संपूर्ण माहिती देण्यात आली असून ती मला समजली आहे. खाली पोराची मराठी सही. झाला प्रशिक्षित.

या एका वाक्याविरुद्ध मला बोलायचंय. त्यात कामगाराला यंत्राचं तोंड कसं दाबायचं तेवढं शिकवलंय. यंत्र काय सांगतंय हे शिकवलेलं नाही, आणि त्यानं सांगितल्यावर काम थांबवायचा अधिकार तर दिलेलाच नाही. ज्याला डिटेक्टर वाचता येत नाही आणि तो वाजल्यावर काम थांबवता येत नाही, त्याच्या छातीवरचा डिटेक्टर त्याच्यासाठी नसतोच. तो ऑडिटला येणाऱ्या साहेबांसाठी असतो.

मी राहूचा. दौंड तालुक्यातलं, मुळा-मुठेच्या काठचं, उसाचं आणि गुऱ्हाळांचं गाव. गेली काही वर्षं रिगवरचे गॅस डिटेक्टर तपासणं, कॅलिब्रेट करणं आणि लोकांना ते वापरायला शिकवणं हेच माझं काम आहे. त्यामुळे मी जे लिहितोय ते यंत्राविरुद्ध नाही. यंत्र फार चांगलं आहे. ते ज्या पद्धतीनं लोकांच्या गळ्यात घातलं जातं, भांडण त्या पद्धतीशी आहे.

चार आकडे

सगळ्यात जास्त दिसतो तो चार गॅसचा मीटर. तळहातावर मावतो. स्क्रीनवर चार आकडे असतात: जळणारा गॅस, ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड.

जळणाऱ्या गॅसचा आकडा सगळ्यात फसवा. हवेत मिथेन साधारण ५ टक्के झाला की एका ठिणगीनं पेट घेतो. ही झाली स्फोटाची खालची मर्यादा, मीटरच्या भाषेत एलईएल. स्क्रीनवरचा १०० म्हणजे हे ५ टक्के. म्हणजे स्क्रीनवर २० दिसले तर हवेत मिथेन १ टक्का आहे, आणि आपण पेट घेण्याच्या वाटेवर एक पंचमांश अंतर चालून आलोय. हे कुणी सांगितलंच नाही, तर परीक्षेत ३५ ला पास होणाऱ्या पोराला २० हा आकडा किरकोळच वाटणार. बऱ्याच मीटरांत पहिला अलार्म १० ला आणि दुसरा २० ला लावलेला असतो, तो का, हेही मग कळत नाही.

ऑक्सिजनचा आकडा २०.९ असायला हवा. १९.५ च्या खाली गेला तरी मीटर वाजतो आणि २३.५ च्या वर गेला तरी वाजतो. जास्त ऑक्सिजन म्हणजे चांगली हवा, असं समजणारे खूप भेटतात. जास्त ऑक्सिजनमध्ये कपडेसुद्धा भडकन पेटतात.

हायड्रोजन सल्फाइडला रिगवर सगळे 'एचटूएस' म्हणतात. वास सडक्या अंड्यासारखा. हवेपेक्षा जड, त्यामुळे खड्ड्यात, टाकीच्या तळाशी, सखल जागी साचतो. मीटर साधारण १० पीपीएमला ओरडायला लागतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग. १०० पीपीएमच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास यायचा थांबतो. माणसाला वाटतं, गेला गॅस. हजाराच्या घरात गेला तर एकदोन श्वासांत माणूस आडवा होतो. आपलं नाक हा असा डिटेक्टर आहे, की ज्याला गॅस स्वतःच म्यूट करतो. म्हणून तर यंत्र लागतं. आणि त्याच यंत्राबद्दल आपण पोराला पहिली गोष्ट शिकवतो ती म्यूट कसं करायचं.

मेनूत काय लपलंय

आता मेनू. बटणं दोन किंवा तीन, शब्द इंग्रजी, तेही अर्धेमुर्धे तोडलेले. मला विचाराल तर त्यातल्या चार जागा जीवन-मरणाच्या आहेत, आणि नवीन माणसाला नेमक्या त्याच सांगितल्या जात नाहीत.

पहिली जागा 'झिरो'. मीटर चालू करताना तो विचारतो: इथली हवा स्वच्छ धरून शून्य लावू का? 'हो' म्हटलं की तिथे जी हवा असेल ती त्याच्यासाठी शुद्ध. हे मोकळ्या जागेत, गॅसपासून लांब करायचं असतं. शेल शेकरपाशी उभं राहून झिरो केलं तर काय होईल? शेल शेकर म्हणजे विहिरीतून वर आलेला चिखल जिथे चाळला जातो ती जागा. चिखलासोबत आलेला गॅस तिथेच मोकळा होतो. तिथे थोडा गॅस असताना झिरो केलं, तर मीटर तेवढा गॅस पोटात घालून शून्य दाखवतो. दिवसभर मीटर खोटं बोलतो, आणि ते त्याला आपणच शिकवलेलं असतं.

दुसरी जागा 'बंप'. बाटलीतला मोजून ठेवलेला गॅस मीटरला हुंगवायचा आणि तो वाजतो का बघायचं. मिनिटभराचं काम. कामाला लागण्याआधी रोज करायचं. याला पर्याय नाही, कारण जळणारा गॅस ओळखणारा नेहमीचा सेन्सर सिलिकॉनच्या स्प्रेनं किंवा सीलंटच्या वाफेनं मरू शकतो. मेला तरी स्क्रीन चालू राहते, दिवा लुकलुकत राहतो आणि आकडा शून्य दिसतो. चांगल्या हवेचं शून्य आणि मेलेल्या सेन्सरचं शून्य स्क्रीनवर हुबेहूब सारखं असतं. फरक फक्त बंप टेस्टनं कळतो. आणि वेळ कमी असला की सगळ्यात आधी काट मारली जाते ती बंपवर, कारण बाटलीला पैसे पडतात आणि रजिस्टरमध्ये 'ओके' लिहायला पडत नाहीत.

तिसरी जागा अलार्मचे टप्पे. पहिला अलार्म बहुतेक मीटरांत बटण दाबून गप्प करता येतो. दुसरा, वरचा अलार्म अनेकदा असा लावलेला असतो, की गॅस उतरल्याशिवाय तो सुटत नाही. मग पोरं काय करतात? मीटर बंद करून पुन्हा चालू करतात. 'हँग झाला होता' म्हणतात. फोन हँग झाला की आपण तेच करतो ना? पण मीटर हँग झालेला नसतो. उलट गॅस फारच दाट झाला, तर जळायला पुरेसा ऑक्सिजन उरत नाही आणि या सेन्सरचा आकडा खाली यायला लागतो. म्हणूनच मीटर 'ओव्हर' दाखवून तिथेच अडून बसतो. तो अडून बसतो ते तुमच्यासाठी. त्याला रिस्टार्ट करणं म्हणजे हात धरून थांबवणाऱ्याचा हात झटकणं.

चौथी जागा 'पीक'. दिवसभरात दिसलेला सगळ्यात मोठा आकडा इथे साठतो. एका साइटवर शिफ्ट संपताना पीक पुसूनच मीटर जमा करायचा, अशी तोंडी सूचना होती. विचारलं तर उत्तर आलं, "उगाच प्रश्न निर्माण होतात." अहो, प्रश्न निर्माण व्हावेत म्हणूनच तर तो आकडा साठवलेला असतो! स्क्रीनवरचं पीक पुसलं तरी बहुतेक मीटरांच्या पोटात पूर्ण लॉग राहतो, पण तो काढायला कॉम्प्युटर लागतो, आणि कॉम्प्युटर ऑफिसात असतो. म्हणजे माझ्या छातीनं काय ओढलं याचा हिशेब माझ्याखेरीज सगळ्यांना बघता येतो.

लांडगा आला रे

"अलार्म काय, वाजतच असतो." हे वाक्य मी फोरमनच्या तोंडून ऐकलंय, इंजिनिअरच्या तोंडून ऐकलंय आणि सेफ्टीवाल्याच्याही तोंडून ऐकलंय. खोटे अलार्म होतात हे खरंच आहे. सेन्सर जुना होतो, पाणी जातं, जवळच्या डिझेल इंजिनाचा धूर लागतो.

लहानपणी आपण सगळ्यांनी लांडगा आला रे आलाची गोष्ट ऐकली. तात्पर्य काय, तर खोटं ओरडू नये. दोष सगळा त्या पोराचा. रिगवर ही गोष्ट उलटी वाचायला हवी. इथे ओरडणारं यंत्र आहे. ते गंमत म्हणून ओरडत नाही. ते पुन्हा पुन्हा उगाच ओरडत असेल तर त्याला दुरुस्त करायचं, सेन्सर बदलायचा, जागा बदलायची. गावानं काय करायचं ठरवलंय? पोराच्या तोंडात बोळा कोंबायचा.

हा बोळा जगभर कोंबला जातो. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' रिगवर स्फोट झाला, ११ कामगार गेले. त्या रिगचे मुख्य इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ माइक विल्यम्स यांनी चौकशीत साक्ष दिली, की जनरल अलार्म 'इनहिबिट' करून ठेवलेला होता. म्हणजे सेन्सर गॅस ओळखणार, पॅनलवर नोंद होणार, पण भोंगा आपोआप वाजणार नाही. कारण? खोट्या अलार्मनं रात्री तीन वाजता लोकांची झोपमोड व्हायला नको.

भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री काय झालं? कारखान्याबाहेरच्या लोकांसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. बारीकसारीक गळतीनं वस्तीत घबराट नको, अशी तिथली पद्धत होती. तो पुन्हा वाजला तोवर गॅस घराघरांत शिरला होता.

आणि चीनमध्ये, छोंगछिंगच्या काईश्येन भागात, २३ डिसेंबर २००३ च्या रात्री ड्रिलिंग चालू असलेली गॅसविहीर फुटली. एचटूएसनं २४३ माणसं गेली. त्यातली जवळजवळ सगळी आसपासच्या गावांतली होती, रिगवरची नव्हती. गावात ना मीटर होता, ना मीटर वाजला तर कुठल्या दिशेला पळायचं हे कुणी सांगितलेलं.

तीन देश, तीन वेगळ्या यंत्रणा. तिन्हीकडे धोक्याची खबर ज्यांना सगळ्यात आधी मिळायला हवी होती, त्यांनाच ती मिळाली नाही किंवा उशिरा मिळाली. हे कुणा एका झोपाळू ऑपरेटरचं काम नाही. खबर कुणापर्यंत जाऊ द्यायची हे कुणीतरी जागेपणी, शांत डोक्यानं ठरवलेलं असतं. नंतर अहवालात मात्र 'मानवी चूक' येते, आणि तो मानव नेहमी सगळ्यात कमी पगाराचा असतो.

"इंग्रजी यायलाच पाहिजे"

मेनूच्या भाषेचा विषय काढला की हमखास ऐकायला मिळतं: टेक्निकल लाइनमध्ये आलास, इंग्रजी यायलाच पाहिजे. शिकावं की, कुणी नको म्हटलंय. पण माणूस इंग्रजी शिकेपर्यंत एचटूएस थांबणार आहे का?

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा, १९४८ च्या कलम १०८ नुसार कारखान्यात लावायच्या कायदेशीर सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्या लागत. ड्रिलिंग साइट कारखान्यात मोडत नाही, तिला खाणींचे नियम लागतात, हे मला माहीत आहे. मुद्दा तत्त्वाचा आहे. भिंतीवरच्या पाटीची भाषा कामगाराला कळायला हवी हे या देशानं १९४८ लाच मान्य केलं. मग छातीवर लुकलुकणाऱ्या, दर सेकंदाला बदलणाऱ्या पाटीची भाषा का नाही?

तांत्रिक अडचण सांगू नका. मी हाताळलेल्या कित्येक मीटरांत भाषा बदलायचा पर्याय होता. फ्रेंच होती, जर्मन होती, स्पॅनिश होती. मराठी मला एकदाही दिसली नाही. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय त्यात मराठी कीबोर्ड आहे, मराठी बोललेलं कळतं. करमणुकीच्या यंत्राला मराठी येते आणि जीव वाचवणाऱ्या यंत्राला येत नाही, याचा अर्थ ती कुणी मागितलीच नाही.

मराठी म्हणजे सरकारी परिपत्रकातली मराठीही नको. 'ज्वलनशील वायू संवेदक' असं स्क्रीनवर आलं, तर पोरगा त्यापेक्षा इंग्रजी बरी म्हणेल. गॅस, मीटर, अलार्म, झिरो हे शब्द आता आपलेच आहेत. वरचा अलार्म आला की स्क्रीनवर एवढंच यावं: 'गॅस आहे. बाहेर पड.' आणि रिगवर बिहारची, आसामची, उत्तर प्रदेशची पोरं असतात, त्यांना त्यांच्या भाषेत यावं. ही अस्मितेची मागणी नाही. अर्ध्या सेकंदात वाचता येण्याची मागणी आहे.

मुंबई हायमध्ये 'सागर सम्राट'नं तेल शोधलं १९७४ साली. वसई क्षेत्रातला गॅस तर आंबट म्हणून ओळखला जातो, म्हणजे त्यात एचटूएस असतो. तो काढून गॅस गोड करायचा मोठा प्रकल्प हजिऱ्याला आहे. पन्नास वर्षं आपल्या किनाऱ्यासमोर हे काम चाललंय. तरी शेल शेकरपाशी मीटर वाजला तर काय करायचं हे साध्या मराठीत सांगणारं एक धड पुस्तक मला आजवर मिळालेलं नाही.

कंदिलाला मेनू नव्हता

हा फक्त रिगवाल्यांचा विषय आहे असं वाटत असेल, तर आमच्या पट्ट्यात या.

जुनी माणसं बंद पडलेल्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरानं खाली सोडायची. कंदील विझला तर उतरायचं नाही. हा होता गावाचा डिटेक्टर. त्यात खोट होती: ऑक्सिजन कमी आहे एवढंच त्याला कळायचं, एचटूएस कळायचा नाही, आणि मिथेन असेल तर त्या कंदिलानंच भडका उडायचा. म्हणून आज कुणी हा प्रयोग करू नये. पण त्याच्याकडे एक गोष्ट होती जी आजच्या मीटरकडे नाही. तो विझला म्हणजे काय, हे विहिरीभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळायचं, आणि 'उतरू नको' म्हणायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

कंदील गेला, मीटर आला तो कंपनीच्या कुंपणाआड. मधल्या जागेत काय राहिलं? मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातल्या खांडजला शेणामुताच्या टाकीत चौघांचा जीव गेला. ९ एप्रिल २०२४ ला, ऐन गुढीपाडव्याला, नेवासा तालुक्यातल्या वाकडीत शेणाच्या स्लरीनं भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. एक वाचला, त्याच्या कमरेला दोर होता.

पहिला माणूस न कळल्यामुळे जातो. दुसरा मायेपोटी जातो. त्या मायेला अडवणारं एकच वाक्य असतं: 'खाली गॅस आहे, तू उतरलास तर तूही जाशील.' हे वाक्य ज्यांना माहीत आहे ती पोरं आमच्याच गावांत राहतात. कुरकुंभच्या, रांजणगावच्या कंपन्यांत जातात, रिगवर जातात, छातीला मीटर लावून शिफ्ट करतात. पण त्यांना बटण शिकवलंय, गॅस शिकवलेला नाही. शिकवला असता तर तो त्यांच्यासोबत एसटीनं गावी आला असता आणि विहिरीच्या कठड्यापाशी उभा राहिला असता.

सही करण्याआधी

"थांबवायचा अधिकार सगळ्यांना आहे, तसं कार्डच देतो आम्ही," असं कंपन्या सांगतात. कार्ड खरंच असतं, लॅमिनेट केलेलं. पण रिगचा एकेक दिवस लाखो रुपयांचा असतो, आणि कंत्राटावरच्या पोरानं तो थांबवला तर पुढच्या पाळीला त्याला बोलावणं येईलच याची खात्री नसते. अलार्म खोटा निघाला तर हसं होतं ते वेगळंच. त्यामुळे कार्ड खिशात राहतं आणि अंगठा बटणावर जातो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. मेनू आणि अलार्मचा मजकूर त्या शिफ्टमधल्या लोकांच्या भाषांत असावा. तोवर निदान मीटरच्या पाठीवर स्टिकर तरी असावा. बंप टेस्ट मीटर घालणाऱ्यानं स्वतःच्या हातानं करावी. कुठलाही अलार्म इनहिबिट केला, तर कुणी केला, का केला आणि कधी परत चालू होणार, हे गेटवरच्या फळ्यावर लिहावं. वरचा अलार्म वाजून काम थांबलं तर त्या वेळेची मजुरी कापू नये, अलार्म खोटा निघाला तरीही. आणि लॉग मागेल त्या कामगाराला दाखवावा.

हे सगळं मिळायला वेळ लागेल. तोवर तुमच्यापैकी जे आयटीआयला आहेत, जे उद्या कुठल्याशा साइटवर मीटर छातीला लावणार आहेत, त्यांनी त्या रजिस्टरवर सही करण्याआधी पाच प्रश्न विचारा. याला झिरो कुठे केलं? आज बंप कुणी केली? कितीला वाजतो आणि तो आकडा म्हणजे काय? कुठला अलार्म बंद करून ठेवलाय का? आणि वाजल्यावर वाऱ्याची दिशा बघून मी कुठल्या बाजूला जायचं?

उत्तरं देणारा चिडेल. चिडू दे. पाचांची उत्तरं मराठीत, किंवा तुम्हाला कळेल त्या भाषेत मिळाली, तर सही करा. नाही मिळाली, तर 'समजले' या छापील शब्दावर काट मारा, शेजारी 'समजले नाही' असं लिहा आणि मग सही करा. त्या रजिस्टरमधली ती पहिली खरी नोंद असेल.